फक्त त्याच्या कानात

त्या दुपारी विज्ञान संग्रहालयाच्या प्रेक्षागृहात एकच प्रेक्षक होता, आणि शेजारच्या खुर्चीवर त्याने एक भली मोठी काळी पेटी बसवली होती. पडद्यावर प्राचीन काळचे दर्यावर्दी ताऱ्यांच्या भरवशावर अनोळखी समुद्रात शिरत होते... आणि आवाज गेला. लाटा मुक्या झाल्या.

तिथली ध्वनियंत्रणा माझ्याकडे. मी धावत खाली आले.

"माफ करा, दुरुस्तीला वेळ लागेल. खेळ थांबवू का?"

"अर्ध्या समुद्रात सोडायचं त्यांना?" त्याने पेटी उघडली. आत चेलो होता, व्हायोलिनचा थोरला भाऊ. "तुमची हरकत नसेल तर मी वाजवतो."

"आणि वाजवता येत नसेल तर?"

"तर तुम्ही बहिरेपणाचं सोंग घ्या."

मला सोंग घ्यावं लागलं नाही. मी पायरीवर बसले आणि दुरुस्तीचं साफ विसरले. किनारा दिसला तेव्हा त्याने तारांवरून गज इतका हळू ओढला, की त्या थकलेल्या माणसांबरोबर माझाही श्वास सुटला.

ही हकीकत संचालकबाईंच्या कानावर गेली. अंतराळवीरांवरचा नवा माहितीपट यायचा होता. त्याला प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष संगीताची साथ द्यायची ठरली आणि चेलोवाल्याला बोलावणं गेलं. तालमी सुरू झाल्या. त्याच्या कानात एक छोटंसं यंत्र असे. माझ्या टेबलावरचं बटण दाबलं, की माझा आवाज फक्त त्याला ऐकू जाई. "आता." "हळू." "थांबा." त्याला मात्र उलट बोलता येत नसे.

"म्हणजे तुम्ही सांगायचं आणि मी मुकाट ऐकायचं," तो म्हणाला. "लग्नाआधीच सवय लागतेय."

"कोणाच्या लग्नाआधी?"

"माझ्या हो! तुम्ही कशाला लाल होताय?"

बाबा गेल्यापासून मी एकटी राहत होते. सुट्टीच्या दिवशी कधी कधी संध्याकाळपर्यंत तोंडातून शब्द निघत नसे. एकटीपुरता भात मला कधीच जमला नाही. उरलेला सकाळी परतून खायचा. दुसऱ्या गावाहून ताईचा फोन येई, तेवढंच घरात बोलणं.

"कोण आहे गं तो?" एकदा तिने विचारलं.

"कोण?"

"ज्याच्यामुळे तू आज फोनवर दोनदा हसलीस."

"चेलोवाला आहे एक... कामापुरता."

"कामापुरतं कोणी असं गप्प होत नाही. बोलून टाक, बाई."

बोलणार होते. पण दुसऱ्याच दिवशी, तारा जुळवता जुळवता, तो सहज म्हणाला, "हा खेळ झाला की मी निघालो. जहाजावरच्या वाद्यवृंदात जागा मिळाली आहे. वर्षभर."

"अरे वा," मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघत राहिला. "एवढंच?"

"समुद्राची हवा लाकडाला मानवत नाही. वाद्य जपा."

तो हसला, पण जरा उशिरा.

पहिल्या खेळाला प्रेक्षागृह भरलं. वर काचेमागे मी, खाली पडद्याजवळ तो. एका प्रसंगी अंतराळवीर यानाबाहेर येतो. एका दोरावर तरंगतो. तिथे संगीत नाही, आवाजच नाही. त्याने गज खाली घेतला. सगळे श्वास रोखून बसले होते. पडद्यावरच्या काळोखात तो अंतराळवीर इतका एकटा दिसत होता, की माझं बोट आपोआप बटणावर गेलं.

"जाऊ नका, असं नाही म्हणत मी," मी कुजबुजले. "पण तुम्ही गेलात की... मला करमणार नाही. तुम्ही मला आवडता. फार." पडद्यावर त्याचा हात यानाच्या दाराला लागला. "आता वाजवा."

त्याने वाजवलं नाही.

दार उघडलं, मिटलं. त्याने मागे वळून अंधारात काचेकडे पाहिलं... आणि मग गज उचलला. पुढे काय वाजलं, ते मला आठवत नाही. उशीर मुद्दामच होता असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

प्रेक्षक पांगल्यावर तो जिना चढून आला. गज अजून हातातच.

"तिथून मला उत्तर देता येत नव्हतं."

"म्हणूनच तिथे बोलले."

"लबाड आहात." तो समोरच्या स्टुलावर बसला. "करार झालाय. जावं लागेल. पहिल्यांदा सांगितलं, तेव्हाच तुम्ही काही म्हणाल असं वाटलं होतं... तुम्ही लाकडाची काळजी केलीत."

मला हसू फुटलं, आणि डोळेही भरून आले.

"परत याल?"

"आधी समोर बोला. बटण न दाबता."

मी उठून उभी राहिले आणि बोलले. घाबरून जरा जोरातच बोलले. उघड्या दारातून आवाज खाली गेला आणि खुर्च्या पुसणाऱ्या मावशींनी वर पाहिलं.

"ऐकू आलं गं बाई!" त्या ओरडल्या. "आता त्याला तरी बोलू दे!"

तो लाजला. मी त्याला पहिल्यांदाच लाजलेला पाहत होते.

"येईन," तो म्हणाला. "इथेच येईन."