वरच्या खोलीतलं वायफाय

हे माझ्या मामासोबत घडलं. खोटं वाटलं तर वाटू दे, पण मामा थापा मारणाऱ्यातला नाही.

रविवार, सकाळचे अकरा. भुतं रात्रीच येतात असं कुणी सांगितलं?

मामा घरोघरी नेटवर्क जोडून देतो. त्या दुमजली घरात वर रेंज धड येत नव्हती. वरच्या खोलीत अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारी जादा डबी, बसवायचा होता. उद्यापासून तिथे बसून त्या घरच्या सूनबाईंची नवी नोकरी सुरू होणार होती.

खोलीला ताजा रंग दिलेला. तरी आत पाऊल टाकताच मामाला मळमळलं. उंदीर मरून पडल्यासारखा वास...

"सासरे इथे राहायचे," सूनबाई नाकाला पदर लावत म्हणाल्या. "गेल्या वर्षी गेले. मी माहेरी होते, हे खाली होते. चार दिवस कळलंच नाही."

चार दिवस! एकाच घरात! मामाच्या तोंडात कडू पाणी आलं.

त्याची एक सवय. जुन्या सेटिंगवर नवं काम करायचं नाही. त्यानं खालचा राउटर पूर्ण रिसेट केला. नाव आणि पासवर्ड मात्र जुनेच ठेवले, म्हणजे घरातले फोन आपोआप जोडले जातात. कटकट नाही.

अ‍ॅक्सेस पॉइंट बसवून त्यानं लॅपटॉपवर जोडलेल्या फोनची यादी उघडली.

नवऱ्याचा फोन. बायकोचा फोन.

आणि तिसरा... 'बाबा'.

सिग्नल पूर्ण. म्हणजे फोन याच खोलीत.

"शक्यच नाही," दारातून सूनबाईंचा नवरा, म्हणजे म्हाताऱ्याचा मुलगा म्हणाला. "तो मी स्वतः फोडून फेकलाय."

कोपऱ्यात कुणीतरी खाकरलं. घशात बेडका अडकल्यासारखं... ओलं, चिकट.

कोपरा रिकामा होता.

मग मुलाचा फोन टिंगटिंग वाजायला लागला. सूनबाईंनी तो हिसकावून घेतला. वर्षापूर्वीचे मेसेज आत्ता पोचत होते.

'वर ये.'

'पाणी दे.'

'फोन का लागत नाही?'

"बाबांचं वायफाय बंद होतं?" सूनबाई ओरडल्या. "त्यांच्या फोनला सिमही नव्हतं हो!"

मुलगा जमिनीकडे बघत होता. "सारखे बोलवायचे. किती वेळा जिना चढायचा? राउटरवरून ब्लॉक केलं होतं... दोन दिवसांसाठीच."

मामानं लॅपटॉपकडे पाहिलं. रिसेट करताना ती बंदी त्यानंच पुसली होती.

तेवढ्यात त्याच फोनवर 'बाबा'चा व्हिडिओ कॉल आला. सूनबाईंनी उचलला.

पडद्यावर उघडं तोंड. सुजलेली काळी जीभ. तिच्यावर माश्या... आणि जीभ हलत होती.

सूनबाई अनवाणीच घराबाहेर पडल्या. त्या पुन्हा त्या घरात आल्या नाहीत.

मुलगा मामाजवळ सरकला. म्हणतो कसा, "परत ब्लॉक करता येईल का हो?"

गोष्ट इथवर आली की मामा थुंकतो. त्या मुलाच्या नावानं नाही, स्वतःच्या.

कारण त्यानं ब्लॉक केलं. खाकरणं मध्येच तुटलं... आणि किळस यावी इतकं त्याला बरं वाटलं.