दोन तोंडांचं कार्ड

“काढ, काढ! हेपण काढ! अक्षरं बघ कशी, चष्मा घरी विसरल्यासारखी दिसतायत!” बुलेट ओरडली.

“तिसरं कार्ड नापास,” असं म्हणत वकिलाने पेचकस उचलला. “खारे, हा स्क्रू धर. आणि खिशात टाकू नकोस!”

“मी कधी टाकते?” असं विचारत खारीने तो खिशात टाकला.

बुलेट म्हणजे काकाची मुलगी. बोलायला लागली की थांबायचं नाव नाही, म्हणून बुलेट. वकील तिचा चुलतभाऊ. त्याला कोणी नुसतं ‘बस’ म्हटलं तरी तो ‘का?’ विचारतो. खार ही वकिलाची धाकटी बहीण, आणि तिच्या खिशात काय नसतं ते विचारा! सुट्टी लागल्या लागल्या दोघं काकाकडे येऊन थडकले होते. काकाचं संगणक दुरुस्तीचं दुकान खाली आणि घर वर. दुकानाच्या मागच्या खोलीत तिघांनी आत्याला सोबत घेऊन सकाळपासून तिचा जुना संगणक उघडून ठेवला होता.

काम होतंच तसं महत्त्वाचं. आत्या चित्रकार. शिक्षण संपल्यावर तिने एका छोट्या कंपनीसाठी संगणकावरचा एक खेळ बनवला होता. त्यात अख्खं बेट होतं. दीपगृह, धक्का, बाजार, सगळं तिने स्वतः चितारलेलं. खेळ तयार झाला आणि कंपनीलाच कुलूप लागलं! मग तो खेळ कोणी म्हणजे कोणीच पाहिला नाही. नव्या संगणकांवर तो चालेना, कारण पडद्यावर चित्रं दाखवायला त्याला त्या काळचंच खास ‘थ्रीडी’ कार्ड लागायचं. ते आत्याने इतकी वर्षं मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं.

आणि आता वाचनालयात जुन्या संगणकांचं प्रदर्शन भरणार होतं! त्यात आत्याच्या खेळाला एक टेबल मिळालं होतं. मात्र ग्रंथपालबाई आज संध्याकाळी स्वतः येऊन बघणार होत्या. खेळ चालला तर टेबल आत्याचं, नाही चालला तर दुसऱ्याचं.

“पण मला एक कळत नाही,” खार म्हणाली. “खास कार्ड आहे ना? मग हे दुसरं कशाला शोधतोय?”

“कारण खास कार्डाला फक्त खेळ येतो,” आत्या हसून म्हणाली. “रोजची अक्षरं, चौकटी, बाण, यातलं त्याला काही येत नाही. ती कामं साध्या कार्डाची. साध्या कार्डाचं चित्र या वीतभर केबलमधून खास कार्डात जातं आणि तिथून पडद्यावर. खेळ सुरू झाला की खास कार्ड म्हणतं, सर बाजूला, आता मी!”

“म्हणून त्याला मागे दोन तोंडं आहेत!” वकील म्हणाला. “एकातून चित्र आत, दुसऱ्यातून बाहेर.”

“बरोब्बर! आणि म्हणून साधं कार्डही चांगलंच हवं. त्याने मुळातच अंधूक चित्र पाठवलं, तर खास कार्ड तरी काय करणार?”

काकाच्या खोक्यातलं चौथं कार्ड बसवलं. अक्षरं कशी सुईने कोरल्यासारखी! आत्याने खेळ सुरू केला, ‘टक्’ असा आवाज झाला आणि पडद्यावर निळा समुद्र हलायला लागला. तिघांनी एकच कल्ला केला. आत्याने मात्र लगेच संगणक बंद केला.

“आता नाही! पुढचं सगळं संध्याकाळी, सगळ्यांनी मिळून बघायचं. चला, आधी जेवा!”

जेवून तिघं उड्या मारत खाली आले. वकिलाने बटण दाबलं. अक्षरं आली. खेळ सुरू केला. आणि पडद्यावर एकच ओळ उमटली. ‘थ्रीडी कार्ड सापडत नाही.’

पुन्हा लावलं. पुन्हा तेच! आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. ती खुर्चीत बसली ती बसलीच.

काका दारातून डोकावला. “काय झालं? कार्ड गेलं? अगं, वय झालं होतं त्याचं! एवढं काय मनाला लावून घेतेस?” असं म्हणून तो घाईघाईने पुढच्या गिऱ्हाइकाकडे निघूनही गेला.

“खरंय त्याचं,” आत्या हळूच म्हणाली. “इतकी वर्षं कोणी पाहिला नाही, आणखी नाही पाहिला. मी बाईंना फोन करून सांगते, टेबल दुसऱ्याला द्या म्हणून.” तिचा आवाज इतका खोल गेला होता की बुलेटसुद्धा गप्प झाली.

“आत्या, फोन करू नकोस!” वकील म्हणाला. “आधी पुरावे बघू.”

त्याने संगणकाच्या डब्याचं झाकण काढलं. आत दोन्ही खाचांत कार्डं होती. बुलेटने मागून बघितलं आणि किंचाळली, “अरे, हे आपलं नाहीच! याला एकच तोंड आहे!”

“आणि ही बघा!” टेबलाखालून खारीचा आवाज आला. तिच्या हातात ती वीतभर केबल होती.

“म्हणजे कार्ड बिघडलेलं नाही,” वकील म्हणाला. “बिघडलेलं कार्ड स्वतःची केबल काढून टेबलाखाली फेकत नाही. कोणीतरी ते बदललंय!”

“पण आपण जेवत असताना दुकानात फक्त बाबा होते,” बुलेट म्हणाली. “आणि त्यांना विचारलं तर ते कानावर हात ठेवतील. मागे कुकरचं झाकण हरवलं तेव्हाही असंच झालं होतं. शेवटी ते पंख्याच्या खोक्यात सापडलं!”

“मग विचारायचं नाही,” वकील डोळे बारीक करून म्हणाला. “शिकायला जायचं! हे कार्ड कसलं आहे ते ज्याला माहीत नाही, त्याला दोन तोंडं बघून काय वाटेल, सांग?”

बुलेटने क्षणभर विचार केला आणि टाळीच वाजवली.

काका एका प्रिंटरमध्ये डोकं घालून बसला होता. वकिलाने अगदी गरीब चेहरा केला. “काका, एका संगणकाला दोन पडदे जोडायचे असतील तर काय करतात हो?”

“अरे, अगदी सोपं!” काका खुलला. “मागे दोन तोंडं असलेलं कार्ड घ्यायचं. एका तोंडाला एक पडदा, दुसऱ्याला दुसरा. आत्ताच दाताच्या डॉक्टरांकडे बसवून आलो की! एक पडदा त्यांना, एक बाहेर नावं लिहून घेणाऱ्या बाईंना.”

“वा! पण असं कार्ड मिळतं कुठे?”

“मिळतं कुठे काय, आपल्याकडेच होतं! मागच्या खोलीत एक डबा उघडा पडला होता, त्यातून...” काका थांबला. त्याने प्रिंटरमधून डोकं बाहेर काढलं. “त्यातून... अरे देवा!”

“बाबा!!” बुलेट ओरडली.

“अगं, मला वाटलं भंगारातला डबा आहे! आणि मी जागा रिकामी नाही ठेवली हं, दुसरं कार्ड घातलं त्यात, पडद्याची वायर लावली, झाकणही बसवलं. कार्डाच्या जागी कार्ड!” काकाने कपाळावर हात मारला आणि दवाखान्यात फोन लावला. तिकडे कोणी उचलेना.

“आम्ही जातो!” वकील म्हणाला. “पण डॉक्टरांना खरंच दोन पडद्यांचं कार्ड द्यायला हवं. नाहीतर ते आपलं कार्ड का सोडतील?”

खारीने काकाचं खोकं उपसलं. बुलेटने दोन तोंडांचं एक दुसरं कार्ड निवडलं, काकाच्या संगणकात बसवलं आणि दोन्ही पडदे उजळले तेव्हाच ते पिशवीत टाकलं.

“तपासून न्यायचं असतं, बाबा,” ती जाता जाता म्हणाली. काकाने पुन्हा प्रिंटरमध्ये डोकं घातलं.

दवाखाना पलीकडच्याच रस्त्यावर होता. टेबलामागच्या बाईंनी वरही पाहिलं नाही. “डॉक्टर फक्त रुग्णांना भेटतात. कोणाचा दात दुखतोय?”

“हिचा!” वकिलाने खारीला पुढे ढकललं.

“माझा कुठे...” खार म्हणायला गेली, पण तोवर आतलं दार उघडलं आणि ती खुर्चीत जाऊन बसलीसुद्धा! डॉक्टरांनी तिच्या गालात कापसाचा बोळा ठेवला आणि तोंडात आरसा घातला. “हं. डावीकडची दाढ. चांगलीच किडलीय. बरं झालं वेळेवर आणलंत!”

खारीचे डोळे बशीएवढे झाले. वकिलाने सगळी हकीकत सांगून टाकली.

“ते कार्ड?” डॉक्टर वैतागून म्हणाले. “दुसरा पडदा शेवटपर्यंत काळाठिक्कर! काढून टाकलं मी ते. दाराबाहेर टाकाऊ सामानाच्या खोक्यात आहे. आज भंगाराची गाडी येते ना.”

बाहेर भोंगा वाजला!

“बुलेट, तू पिशवीतलं कार्ड बसव!” असं ओरडून वकील पळाला. पण त्याच्या आधी, तोंडात कापसाचा बोळा तसाच ठेवून, खार सुटली होती. दाराबाहेर खोकं नव्हतं. गाडी कोपऱ्यावर वळत होती. “उऊं! उऊं!” खार ओरडत होती. एका आजोबांनी हा प्रकार बघून हातातली छत्री उंच केली, तशी गाडी थांबली.

खोकं वरच होतं. तुटका दिवा, वायरींचा गुंता, आणि त्यात आत्याचं कार्ड!

“गाडीत पडलं की ते माझं,” भंगारवाला म्हणाला. “मी वजनावर घेतो आणि वजनावरच देतो.”

खारीने कापूस काढला. “मग वजनावरच घ्या!” असं म्हणून तिने दोन्ही खिसे उलटे केले. स्क्रू, पितळी खिळे, चाव्या, एक नळाची चकती, ढीगच पडला! भंगारवाला हसत सुटला. त्यातला एक पितळी खिळा त्याने आठवण म्हणून घेतला आणि कार्ड तिच्या हातात ठेवलं.

दवाखान्यात दोन्ही पडदे उजळले होते. डॉक्टरांनी बुलेटची पाठ थोपटली. खारीला मात्र म्हणाले, “परवा परत यायचं. दाढ भरायला!”

धापा टाकत तिघं परतले. आत्याने कार्ड पुसलं, बसवलं. वकिलाने केबल जोडली, बटण दाबलं. पडदा काळा! गेलं की काय खरंच?

“थांबा!” खार म्हणाली. “चित्र आत जायच्या तोंडाला पडदा लावलाय तुम्ही. बाहेर यायच्या तोंडाला लावा ना!”

वकिलाने गुपचूप वायरींची अदलाबदल केली. टक्! निळा समुद्र हलायला लागला. आत्याने तिघांना एकदम मिठीत घेतलं, हसली आणि रडलीही. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

ग्रंथपालबाई आल्या तेव्हा आत्या बेटावरच्या बाजारात शिरत होती. तिथे एक गोलमटोल दुकानदार उभा होता, कानाला पेन्सिल लावलेला. त्याच्याकडे दोरी मागितली तर त्याने बादली दिली! कंदील मागितला तर टोपली! बाई खो खो हसल्या.

काका मात्र टक लावून बघत होता. “हा... हा मी आहे का गं?”

“तूच, दादा.”

“मी असा आहे?”

“बाबा, आज दुपारी...” बुलेटने नुसती सुरुवात केली आणि सगळे हसायला लागले. काकाचा चेहरा पडला.

“पुढे बघ ना,” आत्या म्हणाली.

पडद्यावर वादळ आलं. बेटावरचं एकेक दार धाडधाड बंद झालं. एकच दार उघडं राहिलं. त्यात तोच दुकानदार दिवा धरून उभा होता, आणि खेळणाऱ्याला आत घेत होता.

“मी हा खेळ बनवत होते तेव्हा घरात सगळे म्हणायचे, हे खूळ सोड,” आत्या म्हणाली. “काम करायला जागा दिलीस तू एकट्याने. ते तुला सांगायचं होतं, पण खेळ कधी दाखवताच आला नाही.”

काकाने नाक शिंकरलं, डोळे पुसले आणि आत्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“टेबल तुमचंच!” दुपारची सगळी हकीकत ऐकल्यावर ग्रंथपालबाई म्हणाल्या. “आणि या तिघांना काय म्हणावं! मोठ्यांना सुचलं नसतं ते केलंत रे पोरांनो. उद्या तुमची नावं टेबलावर लावायची हं! फक्त एक अट आहे. या संगणकाला हात तिघांनीच लावायचा.”

सगळ्यांनी काकाकडे पाहिलं. काकाने मुकाट्याने दोन्ही हात खिशात घातले.