कोऱ्या जागेचं नाव

मंगळावरच्या लोहितवाडीच्या घुमटाखाली भरदुपारी बारसं रंगात आलं होतं, आणि नेमकी भिंतीवरच्या पटावर बाळाच्या नावाची जागा कोरी आली.

“बाळाचं नाव ठेवते,” एवढंच उमटलं होतं. पुढे काही नाही. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या विशाखाताई राहिल्या पृथ्वीवर! त्यात आजपासून मंगळ आणि पृथ्वीच्या मध्ये सूर्य येणार, म्हणजे पंधरवडाभर संपर्क बंद. मूळ संदेश बघावा, तर साठवणीची जागा वाचवायला, संदेश पटावर दाखवणारं आणि घुमटही चालवणारं वाचकयंत्र तो वाचताच पुसून टाकी. पोरगी बिननावाची राहणार म्हणून कौमुदी स्वतःवरच चिडली. बाळाची आई ती, आणि ते दीडशहाणं यंत्र बांधणारीही तीच.

भरीस भर म्हणून घुमटही बिघडला. छत गुलाबी झालं, बुलबुलांचं ध्वनिमुद्रण सुरू झालं, सामाईक स्वयंपाकघरात चहाची आधणं आपोआप चढली. पाहुण्यांची हसून हसून पुरेवाट झाली.

“संदेशाला कवच चढवलं नव्हतंस?” संपर्ककक्षातल्या ताहेरने विचारलं.

“परक्यांच्या संदेशांना चढवते. घरच्या माणसांना कसलं कवच?”

“कवच म्हणजे?” तिच्या नवऱ्याने, हर्षदने, मध्येच तोंड घातलं.

ताहेर म्हणाला, “हे बघ, टोकदार कंसांत असेल तो हुकूम, बाहेर असेल तो मजकूर. यंत्र मजकूर दाखवतं आणि हुकूम पाळतं. कुणी शोभेसाठी कंस काढला, तर त्याच्या जागी आपण एक सांकेतिक खूण घालतो. तेच कवच. मग यंत्र तो कंस नुसता दाखवतं.”

“मेलो! ताई प्रत्येक नावाला दोन्हीकडून कंसांचं तोरण बांधते!”

“म्हणजे नाव हुकूम ठरलं,” ताहेर हळहळला. “गेलं ते.”

कौमुदीने गुलाबी छताकडे पाहिलं, वाफाळत्या चहाकडे पाहिलं. घुमटाला हे सगळं करायला लावणारा हुकूम एकच होता, रोज सकाळी जाणारा.

“गेलं कुठे? यंत्राने ते पाळलं!” ती आनंदाने ओरडलीच. मग पाळण्यावर वाकून म्हणाली, “पहाट. तुझं नाव पहाट.”

हर्षदचे डोळे भरून आले. “आत्याने नाव बाळाच्या कानात सांगायचं असतं. आमच्या ताईने अख्ख्या वसाहतीला सांगितलं!”

कौमुदीने त्याच दिवशी सगळ्या घरच्या संदेशांना कवच चढवलं. विशाखाताईंचे तेवढे मुद्दाम वगळले.

पंधरवड्याने पटावर अक्षरं उमटली: “कशी आहे माझी        ?” ऐन संध्याकाळी छत गुलाबी झालं, आणि सगळी लोहितवाडी हसत हसत चहाला निघाली.