थोडंच राहिलंय

पिना मिळाल्या का सगळ्यांना? चार-चार घ्या. नंबर छातीवर लावा, पाठीवर नको. पाठीवरचा नंबर वाचायला मला तुमच्यामागे पळावं लागेल आणि या वयात ते काही जमायचं नाही. शिट्टी बॅगेला बांधलीत? छान. पहाटे चारला सुटायचंय, म्हणजे खरं तर आता झोपायला हवं. पण शाळेच्या या हॉलमध्ये, पहिल्या शर्यतीच्या आदल्या रात्री कुणाला झोप लागलेली मी तरी पाहिली नाही. दिवा मालवतो आणि एक गोष्ट सांगतो. गोष्ट कसली, घडलेलंच आहे. माझ्या ओळखीच्या माणसाचं.

त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. सगळे त्याला चष्मेवालाच म्हणायचे. वय सेहेचाळीस. सगळी हयात स्टुलावर बसून 'हे अक्षर दिसतं का, ते दिसतं का' विचारण्यात गेलेली. पोट सुटलं, साखर वाढली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं. हा पठ्ठ्या चालायचं सोडून पळायलाच लागला. आणि तीन वर्षांनी डोंगरातल्या ऐंशी किलोमीटरच्या शर्यतीत नाव घालून मोकळा! मेहुणा सगळ्यांदेखत म्हणाला, "दाजी, पन्नासाव्या किलोमीटरला गाडी पाठवतो हं." बायको काही हसली नाही. निघताना एवढंच म्हणाली, "जाताय तसेच आपल्या पायांनी या." त्यामुळे शर्यत पुरी करणं आता त्याच्या अब्रूवर येऊन ठेपलं होतं.

डोंगरात एक नियम असतो, तुम्हालाही सकाळी सांगितलाय. वाटेत कुणी बसलेला दिसला तर त्याला एकटं टाकून जायचं नाही. आणि एक सवय असते, ती कुणी शिकवत नाही. दमलेल्या माणसाने विचारलं, "किती राहिलं?" की म्हणायचं, "थोडंच राहिलंय." वीस किलोमीटर असलं तरी थोडंच. हसू नका, उद्या दुपारपर्यंत तुम्हीही म्हणायला लागाल.

नोव्हेंबरमधला दुसरा शनिवार. रात्री बारा पन्नासला चष्मेवाला चौथ्या चौकीवर पोचला. चौकी म्हणजे खिंडीखालचा एक मोठा सपाट कातळ. त्यावर एक टेबल, टेबलावर ताडपत्री आणि किटली घेऊन बसलेला एक किटलीवाला. पाऊस भुरभुरत होता. चष्मेवाल्याने उभ्या उभ्या दोन कप चहा ढोसला आणि विचारलं, "पाचवी चौकी किती लांब?"

"आलीच की," किटलीवाला म्हणाला. "थोडंच राहिलंय."

होतं अकरा किलोमीटर, सगळा चढ. साडेचारच्या आत पोचलं नाही तर शर्यतीतून बाद.

चष्मेवाला निघाला. वाट एका माणसापुरती. डाव्या हाताला कडा, उजव्या हाताला दरी. कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात चार पावलांपुढचं दिसत नव्हतं. एक चाळीसला त्याला वाटेकडेच्या दगडावर कुणीतरी बसलेलं दिसलं. पिवळा रेनकोट. दिवा विझलेला. मान खाली.

"किती राहिलं?" बसलेल्याने विचारलं.

चष्मेवाल्याला नियम तोंडपाठ होता. पण मनगटावरचं घड्याळही दिसत होतं. मागून कुणीतरी येईलच, असं त्याने स्वतःला पटवलं. मनाची समजूत काढायला माणसाला कितीसा वेळ लागतो! "थोडंच राहिलंय, ऊठ, चल," असं म्हणून तो पुढे गेला. शंभर पावलांनंतर त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण तो थांबला नाही.

वीस मिनिटं गेली. त्याला ओलांडून कुणीही पुढे गेलेलं नव्हतं. ओलांडायला जागाच नव्हती.

वळणावर दगड. दगडावर पिवळा रेनकोट.

"किती राहिलं?"

पळणाऱ्यांपैकी निम्म्यांकडे पिवळे रेनकोट असतात, चष्मेवाल्याने मनाशी म्हटलं. झोप नाही, पोटात नुसता चहा, डोकं ठिकाणावर नाही. "थोडंच..." एवढंच कसंबसं तोंडातून निघालं. या वेळी तो पळाला. चढावर, अडखळत, मागे न बघता.

काय रे, दिवा लावू म्हणतोस? राहू दे. संपतच आलंय.

दोन पंचवीस. पाऊस तसाच. तो दिसायच्या आधीच चष्मेवाला थांबला. का, ते त्यालाही सांगता आलं नाही. मग त्याने हळूच मान वर केली. उजेड दगडावर गेला. रेनकोटावर गेला. चेहऱ्यावर गेला.

तिशीतला मुलगा. चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं. पापणी लवत नव्हती.

वीस वर्षं चष्मेवाल्याने लोकांच्या डोळ्यांत उजेड टाकला होता. उजेड पडला की बाहुली आकसते. लहान पोराची आकसते, म्हाताऱ्याची आकसते.

याची आकसली नाही.

"किती राहिलं?"

मागे पळावं तर पाय घसरून दरीत. पुढे पळावं तर... पुढे पुन्हा तोच दगड असणार. तो मला नंतर म्हणाला, भीती तर वाटलीच, पण त्या आवाजात इतकी आशा होती की माझ्याने पुन्हा खोटं बोलवेना.

तो खाली बसला. त्याच्यासमोर, ओल्यात.

"बाळा," तो म्हणाला, "खूप राहिलंय. सात किलोमीटर. सगळा चढ. तुझ्याने नाही व्हायचं."

नुसता पाऊस.

मग...

"मग त्यांनी थोडंच का सांगितलं?"

"कुणी?"

एक हात वर आला. खालची वाट दाखवली. चौथ्या चौकीकडची.

चष्मेवाल्याने तिकडे वळून पाहिलं. पुन्हा इकडे पाहिलं. दगड रिकामा. आणि खालच्या वाटेवर पावलांचा आवाज. दमलेला. एकसारखा. दूर जाणारा.

चष्मेवाल्याला वर कुणीही दिसलं नाही. चार वाजून वीस मिनिटांनी तो पाचव्या चौकीवर पोचला, आणि सकाळी शर्यतही आपल्या पायांनी पुरी केली. पण पाचव्या चौकीवर त्याने आधी पाणी मागितलं नाही, वायरलेस मागितला. खाली किटलीवाल्याला विचारलं, "पिवळ्या रेनकोटातला कुणी आला का तुमच्याकडे?"

"नाही. का?"

"तो खाली यायला निघालाय. त्याला... त्याला तुम्हाला काहीतरी विचारायचंय."

किटलीवाल्याने वायरलेस खाली ठेवला. त्याला माहीत होतं कोण ते. सहा वर्षांपूर्वी याच शर्यतीत एक प्लंबर पळाला होता. पहिलीच शर्यत, नुकतंच लग्न झालेलं, बायको शेवटच्या रेषेवर फुलं घेऊन उभी. असाच पाऊस होता. चौथ्या चौकीवर त्याने विचारलं, "किती राहिलं?" किटलीवाला म्हणाला, "थोडंच राहिलंय." तेव्हा पोरगं हसलं. अंगातला गरम स्वेटर काढून टेबलावर ठेवला. म्हणालं, "मग हे ओझं कशाला? उद्या घेऊन जाईन." नुसता पिवळा रेनकोट घालून वर गेलं. तिसऱ्या दिवशी सापडलं. दगडावर बसलेलं.

किटलीवाला म्हणजे मीच, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.

कुणी मला बोल लावला नाही. सगळेच तसं सांगतात, सगळेच म्हणाले. त्याच्या बायकोनेही मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

त्या रात्री वायरलेस बंद झाला तेव्हा चार बावीस झाले होते. चौकीवर मी एकटा. पळणारे सगळे पुढे गेलेले. कंदील टेबलावर ठेवला आणि बसून राहिलो. काही दिसलं नाही. काही ऐकू आलं नाही. पण टेबलापलीकडे... कसं सांगू... कुणीतरी उभं असलं की आपण मान वर न करताही ओळखतो ना? मी मान वर केली नाही. किटलीकडे बघत राहिलो. शेवटी मोठ्याने म्हणालो, "अकरा किलोमीटर. सगळा चढ. चुकलं माझं, बाळा."

किटलीतलं पाणी उकळायचं थांबलं होतं. खाली जाळ होता तरी.

पावणेसहाला उजाडलं. भुरभुर चालूच होती. कातळ सगळा काळा, ओला.

त्यावर पावलं होती. ओल्या कातळावर कोरडी पावलं. बुटांची. पाऊस त्यांच्यावर पडत होता आणि ती भिजत नव्हती. वरच्या वाटेवरून एक एक करत खाली आलेली. थेट टेबलापर्यंत. तिथे दोन्ही पावलं शेजारी शेजारी, माझ्याकडे तोंड करून.

परत गेलेलं पाऊल एकही नव्हतं.