डावीकडचा दिवा

फ्राऊ हेनिश यांनी खासगी गुप्तहेर टेसनरच्या टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एक चावीचं पत्र्याचं खेळण्यातलं इंजिन, आणि जुन्या मासिकाचा नाताळ अंक.

अंकातल्या फोटोत त्यांचा चार वर्षांचा भाऊ आर्नो असंच इंजिन पुढे धरून बसला होता. इंजिनाच्या तोंडावरच्या दोन दिव्यांपैकी डावीकडचा तुटलेला. टेबलावरच्या इंजिनाचाही डावीकडचाच.

युद्धाच्या शेवटी, पंचेचाळीसच्या पळापळीत ब्रेस्लाऊ स्टेशनावर आर्नोचा हात त्यांच्या हातून सुटला. तेव्हा इंजिन त्याच्या कोटात खुपसलेलं होतं. आता पंचवीस वर्षांनी ते न्यूर्नबर्गच्या जुन्या बाजारात मिळालं.

"म्हणजे तो जगला," त्या म्हणाल्या. "दुकानदाराला ते विकणारा शोधून द्या. मी रोज बाजारात उभी राहून पुरुषांची तोंडं बघते."

टेसनरचा मदतनीस पिल्झ भिंगातून फोटो पाहत होता. "कोटाची बटणं बायकी बाजूने आहेत. बहिणीचा चढवला की काय?"

"माझं काही अंगाला लावून घ्यायचा नाही तो. मुलग्यांचाच कोट होता, नवा."

तुटका दिवा कुठल्या बाजूचा, हे आठवतं का, असं टेसनरने विचारलं.

"मला आता फक्त फोटो आठवतो."

जुन्या बाजारातला दुकानदार श्वेमर म्हणाला, तिशीतला कुणी लंगडा इंजिन विकून गेला. अशी इंजिनं त्याच्याकडे नेहमी येत. मासिक मात्र त्याने कधी पाहिलं नव्हतं. फ्राऊ हेनिश ते कपाटात ठेवत आणि नवऱ्याशिवाय कुणाला दाखवत नसत.

नवरा एवाल्ड तुटक बोलला. त्यानेच तिला रविवारी बाजारात फिरायला नेलं होतं. "दोन हिवाळे ती अंथरुणातून उठली नाही. आता उठते. कशाला उकरताय?"

टेसनरला खरं बोलायची वाईट खोड होती. हेनिशांच्या स्वयंपाकघरात, नवरा-बायको दोघांसमोर, त्याने फोटोपुढे हातआरसा धरला.

"मुलाचं तोंड पानाबाहेर वळलं की मासिकवाले कधीकधी फोटो डावं-उजवं उलटं करून छापतात. बघा, आरशात बटणं पुरुषी झाली. आणि तुटका दिवा उजवीकडे गेला."

"मग हे इंजिन?" पिल्झने विचारलं.

"आर्नोचं नाही. ज्याने याचा डावा दिवा तोडला, त्याने फोटो पाहून तोडला. श्वेमरने फोटो पाहिलेला नाही."

एवाल्ड खाली बघत होता. "दिवा मीच तोडला. त्या लंगड्याचं सांगायलाही श्वेमरला मीच पढवलं," तो म्हणाला. "वाटलं, इंजिन हाती आलं की तुझं समाधान होईल. तू माणूसच शोधायला निघशील हे डोक्यातच आलं नाही."

फ्राऊ हेनिश यांनी टेसनरच्या हातून आरसा घेऊन फोटोपुढे धरला. पिल्झला आपण बटणांचं उगाच बोललो असं झालं.

त्या आरशातल्या मुलाकडे बघत होत्या. त्याचा भांग दुसऱ्या बाजूला गेला होता आणि चेहरा जरा परका वाटत होता.

"असा होता तो," त्या म्हणाल्या. "म्हणजे त्याचा चेहरासुद्धा माझ्याकडे उरला नव्हता, एवाल्ड."

एवाल्डने आरसा घ्यायला हात पुढे केला. त्यांनी तो दिला नाही.