कूलरचा पंप आणि शिवकांताचा रेणू

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यात मन्मथच्या कूलरच्या दुकानाकडं कुणी फिरकत नव्हतं. प्यायलाच पाणी नाही, कूलरात काय ओतणार? म्हणून पांढरा ॲप्रन घातलेली ती मुलगी धापा टाकत आत शिरली, तेव्हा तो उठतानाच खुर्चीत अडखळला.

"पंप द्या... फक्त पंप!"

"आन कूलर?"

"नको हो! तिकडं उकळत ठेवलंय... आणि नळ गेलाय!"

तिचं नाव शिवकांता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती कॅन्सरवरच्या औषधासाठी नवा रेणू घडवत होती. मिश्रण उकळताना वरच्या काचेच्या नळीभोवती गार पाणी फिरत राहिलं नाही, तर सगळी मेहनत वाफेसोबत उडून जाणार होती. बादलीभर पाणीच पंपानं फिरवत ठेवावं, असं तिला सुचलं होतं.

पंप घेऊन मन्मथ स्वतःच मागोमाग निघाला. वाटेत बर्फही घेतला. बादली गुरगुरली, नळी गार झाली, तिनं सुस्कारा सोडला... आणि तो बघतच राहिला.

"ह्यानं काय होतंय, मॅडम?"

"पेशीत एक प्रथिन असतं. सारखं 'वाढ, वाढ' म्हणतं. हा रेणू त्याच्या खाचेत बसून त्याला गप्प करेल... बसला तर!"

"आमची आई बी तसंच करती. लगीन कर, लगीन कर..."

"त्यावर माझ्याकडं औषध नाही," ती ओठ दाबून म्हणाली.

मग तो रोज बर्फ आणू लागला.

"आज काहीच उकळायचं नाही," ती एकदा म्हणाली.

"मग... सरबत करू की!"

रेणू तयार झाला. तो घेऊन ती तपासणीसाठी नांदेडला गेली. आठवड्यानं परतली ती थेट दुकानात. डोळे लाल.

"नाही बसला खाचेत. आता बदल करून पुन्हा घडवायचा. वर्षसुद्धा जाईल."

"म्हंजे बर्फ लागंल की!" मन्मथचा चेहरा खुलला... आणि लगेच पडला. "न्हाई, म्हंजे... वाईट झालं. लई वाईट."

ती रडता रडता हसली. "वाईट वाटतंय, की आनंद होतोय?"

"दोनी बी व्हायलंय..." तो पुटपुटला. "तुमी परत आलात ना."

"बर्फासाठी नाही आले मी."

तेवढ्यात शेजारच्या दुकानातून ईश्वरप्पांनी मान लांब केली. "काय रं मन्मथ, गिऱ्हाईक आलं का?"

शिवकांतानं डोळे पुसले आणि खुर्ची ओढून बसली.

"न्हाई काका," ती म्हणाली, "घरचंच माणूस हाय."