डावा हात भिंतीला

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलेली. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण मावशीला खोटं बोलता येत नाही. बोलली की लगेच कान लाल होतात.

आणि हो, रात्र वगैरे नव्हती. भर दुपार होती. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, लख्ख ऊन, खाली कुणाचा तरी मिक्सर चालू.

मावशी मुलांच्या एका मासिकासाठी भूलभुलैये काढते. सशाला घरी पोचवा, तसली कोडी. पण तिची चित्रं साधी नसतात. बोळ, जिने, गच्च्या, वाळत घातलेले कपडे, झोपलेली मांजरं... मोठी माणसंसुद्धा पेन्सिल घेऊन बसतात.

काकांना वेगळाच नाद. सिनेमात भूलभुलैये पकडायचे. नायक-नायिका गेली उडत, हे बघणार मागचं. हॉटेलचे लांबलचक पॅसेज, गोदामातल्या खोक्यांच्या रांगा, बागेतली कुंपणं. दिसलं की सिनेमा थांबवून हाक मारणार, "सापडला!" मग मावशी त्यावरून कोडं काढणार. जोडी अशी छान जमली होती.

घरात तिसरे आबा, मावशीचे सासरे. जन्मभर पोस्टमनकी केलेले. मावशीचं प्रत्येक कोडं आधी ते सोडवणार, मगच ते छापायला जाणार. नजर अधू झाल्यापासून कोड्यात अडखळायचे, म्हणून मावशीनंच त्यांना युक्ती शिकवली होती. आपणच आत चालतोय असं समजून डावा हात भिंतीला लावायचा, तो सोडायचा नाही, आणि चालत राहायचं.

एकदा काकांना एका जुन्या कृष्णधवल सिनेमात भूलभुलैया सापडला. उंच झुडपांच्या भिंती, वरून घेतलेलं दृश्य. मधोमध एक माणूस पाठमोरा उभा. दृश्य संपेपर्यंत तो जराही हलला नाही.

मावशीनं चित्र थांबवून सगळ्या वाटा कागदावर उतरवून घेतल्या. आणि मग तिच्या लक्षात आलं...

त्याला दारच नव्हतं.

ना आत जायला, ना बाहेर यायला.

काका म्हणाले, शिडीनं उतरवलं असेल त्याला, सिनेमाच तर आहे. मावशीही हसली. संपादकबाई फोनवर फोन करत होत्या. बिनदाराचं कोडं मुलांना कसं द्यायचं? तिनं बाहेरच्या भिंतीची जराशी रेघ खोडरबरानं पुसली. झालं दार.

का कोण जाणे, तो माणूस मात्र तिनं कागदावर उतरवला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घराच्या पॅसेजमध्ये पावलं वाजली.

थोडी चालली... थांबली... वळली... परत गेली.

आबा असतील, असं तिला वाटलं. डोकावून पाहिलं, तर आबा हॉलमध्ये खुर्चीत बसून पेंगत होते.

पुन्हा पावलं. थांबली. वळली.

ती चाल मावशीच्या ओळखीची होती. कोडं सोडवताना मुलांचं बोट असंच चालतं. पुढे जातं, वाट बंद दिसली की थबकतं, मागे फिरतं.

मग हे रोजचंच झालं. खालच्या वहिनींनी तर जिन्यात गाठून विचारलं, दुपारी तुमच्याकडे येरझाऱ्या कोण घालतं हो? मावशीनं आबांवर ढकलून दिलं.

शेवटी तिनं काकांना सांगितलं. ते थट्टेवारी नेणार होते, पण तिचा चेहरा बघून त्यांनी रिमोट उचलला. तो सिनेमा पुन्हा लावला. तीच झुडपं, तेच दृश्य...

मधली जागा रिकामी होती.

काकांनी मागे घेतलं. पुन्हा लावलं. पुन्हा. मग टीव्ही बंद केला. त्यानंतर त्यांनी सिनेमात काही शोधलं नाही.

मावशीनं पुसलेली रेघ काळ्या शाईनं भरून टाकली. मासिकाला दुसरंच कोडं पाठवलं. वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी पावलं आली. आता घाईघाईनं, सैरभैर.

तो आत नव्हताच. तिनं दार लावलं होतं, ते त्याच्या पाठीमागे.

मग एका दुपारी पावलं अचानक थांबली. आणि पॅसेजमधून आबांचा आवाज आला. कुणाला तरी शांतपणे काही समजावत होते. मावशी धावली. आबा एकटेच उभे होते. तिनं विचारलं, कोण होतं?

"चुकलाय बिचारा," आबा म्हणाले. "वाट विचारत होता. सांगितली. म्हटलं, डावा हात भिंतीला लाव, सोडू नकोस."

पोस्टमन माणूस. कुणी वाट विचारली तर सांगितल्याशिवाय राहवतंय होय?

आणि तेवढ्यात...

सर्र... सर्र...

कोरडा तळहात भिंतीवरून फिरत होता.

आवाज स्वयंपाकघरात शिरला. ओट्यामागून, फ्रिजमागून फिरून बाहेर आला. मग न्हाणीघर. मग झोपायची खोली. एकही कोपरा न गाळता.

मावशीनं आबांना ओढत हॉलच्या मधोमध आणलं आणि बाहेरचं दार सताड उघडलं. भिंतीवरचे फोटो एकेक करून तिरके होत गेले. मग आवाज उंबऱ्याबाहेर गेला. जिन्यावरून खाली, खाली...

आबा पायात चपला सरकवू लागले.

"कोपऱ्यापर्यंत सोडून येतो," म्हणाले.

मावशीनं त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. आबा म्हणजे नुसती काडी. पण त्या दिवशी त्यांना धरून ठेवताना तिचे खांदे भरून आले.

पुढे बरेच दिवस घर शांत होतं.

एका सकाळी मावशी नवीन कोडं काढत होती. मधोमध एकच घर, भोवती चारी बाजूंनी रस्ता. सहज तिनं पेन्सिल घराच्या आतून डाव्या भिंतीला लावून चालवली. पेन्सिल दारातून बाहेर पडली, भिंतीभिंतीनं घराला वळसा घातला...

आणि त्याच दारात परत आली.

भिंत सुटी असली, बाकी कशालाच जोडलेली नसली, की ती युक्ती फसते. हे तिला कधीपासून ठाऊक होतं. आबांना सांगायचं राहून गेलं होतं.

त्यांची बिल्डिंगही एकटीच उभी आहे. चारी बाजूंनी रस्ता.

तेव्हापासून दुपारी दार बंद, आतून कडी.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडे गेलो होतो. जेवणं झाली होती. काका कामावर. मावशी बोलता बोलता मध्येच थांबली.

जिन्यात... सर्र... सर्र...

आवाज वर आला. दाराच्या फळीवरून फिरला. थांबला.

मावशी उठली आणि दाराला पाठ लावून डोळे मिटून उभी राहिली. मी आबांकडे पाहिलं. ते खुर्चीत अगदी ताठ बसले होते. पायात चपला.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "जन्मात कुणाला चुकीचा पत्ता सांगितला नव्हता मी. उघड दार. या वेळी मीच बरोबर जातो त्याच्या."

मावशीनं दार उघडलं नाही.

बऱ्याच वेळानं आवाज पुढे सरकला, वरच्या मजल्याकडे. आबा मात्र दाराकडे बघतच बसले होते.

आता मावशीचा फोन आला, की तिचं ऐकून घ्यायच्या आधी मी एकच विचारतो.

आबा घरात आहेत ना?